सुभेदार, तिला सांग

तंजावूरला आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घराच्या मालकांना रोज काहीतरी होत असे. आणि ज्या दिवशी काहीच होत नसे, त्या दिवशी त्यांना फार अस्वस्थ वाटे.

गल्लीतली तमिळ मंडळी त्यांना ‘रायर’ म्हणत. तिकडे मराठी घरच्या कर्त्या माणसाला रायरच म्हणतात. मी त्यांना तोंडावर काका म्हणायची, पण आठवतात ते रायर म्हणूनच. राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्यांचं लांबट, अरुंद घर होतं. पुढे ओटा, मग एकापुढे एक खोल्या, आणि मागे विहीर आणि भलं मोठं परस. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागचं घर त्यांचं. त्यांच्याकडे माणसं दोनच, ते आणि त्यांची मुलगी अंबू. अंबूची आई जाऊन काही वर्षं झाली होती. तिसरा सुभेदार. सुभेदार हा कुत्रा आहे हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही, त्यामुळे “सुभेदार जेवले कीं?” असं रायरांनी आतून विचारलेलं ऐकून मी घाईघाईने डोक्यावर पदर घेतला होता.

साल छप्पन-सत्तावन्न असेल. मी मिरजेची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ह्यांची बदली झाली ती थेट कावेरीच्या काठी. जागा बघायला गेलो तेव्हा रायर ओट्यावर गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसले होते. त्यांनी ह्यांची नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, गोत्र विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “मराठी बोलतां कीं?”

“हो.”

“मोठ्यानें बोलतां?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे पाहू लागले. माझा आवाज हे माझ्या सासरचं मुख्य दुःख होतं.

“मग जागा तुमची,” रायर म्हणाले. “परसांत धुणीं धुतांना बोलायचें. नवऱ्याशीं बोला, आपल्याशींच बोला, कोणाशींही होऊं दे. पण मराठींत, आणि मोठ्यानें. आंत स्वयंपाकघरांत ऐकूं आलें पाहिजे.”

गडबड करायची नाही, अशी अट घालणारे घरमालक मी पुष्कळ पाहिले. गडबड केलीच पाहिजे म्हणणारा हा एकच.

त्यांचं मराठी ऐकायला मला फार गोड वाटायचं. शब्द जुन्या पोथीतले आणि चाल सगळी तमिळ. वाक्य शेवटाकडे उचलून, हेलकावा देऊन ते खाली ठेवत. ‘सगळे’ ऐवजी ‘अस्के’ म्हणत, ‘सांगितलं’ ऐवजी ‘सांगटलं’ म्हणत. निघताना ‘जातों’ असं कधी म्हणत नसत, ‘जाऊन येतों’ म्हणत, मग ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जात असले तरी.

आता त्यांच्या बागेविषयी. परसातली ती बाग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काही मेळच लागेना. एका कोपऱ्यात ब्राह्मी, दुसऱ्या टोकाला कोरफड, मध्येच अडुळसा, विहिरीभोवती ओवा, पुदिना आणि आलं. फूल म्हणाल तर एक नाही. रायरांनी मला विहिरीच्या कठड्याशी उभं करून समजावलं. बाग म्हणजे एक माणूस होता, उताणा निजलेला. ब्राह्मी आणि माका हे त्याचं डोकं. दोन्ही बाजूंना रुईची दोन झाडं, ते कान. तुळस आणि अडुळसा ही छाती. विहीर ही बेंबी, म्हणून तिच्याभोवती सगळी पोटाची झाडं. खाली निरगुडी आणि एरंड हे गुडघे, आणि भिंतीलगतची कोरफड म्हणजे तळपाय. अंगात जिथे दुखेल तिथल्या झाडाचं पान तोडायचं, शोधायला नको. डोकं आणि छाती यांच्या मधे मात्र काही लावलेलं नव्हतं. तिथे धुण्याचा दगड होता.

“इथे घसा यायला पाहिजे ना, काका?” मी विचारलं.

“घसा मला कधीं दुखत नाहीं,” रायर अभिमानाने म्हणाले. तेवढा एकच अवयव त्यांनी धडधाकट ठेवला होता, कारण बोलायला तो लागायचा.

इथवर सगळं शहाणपणाचं वाटतं. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आजार झाला म्हणून झाड, असा तिथे क्रम नव्हता. झाड वाढलं म्हणून आजार, असा होता. पाऊस पडून अडुळसा माजला की रायरांना खोकला होई. निरगुडीला पालवी फुटली की गुडघे धरत. पुदिना दाट झाला की जेवण जात नसे. मी एकदा धीर करून हे बोलून दाखवलं, तर त्यांना मुळीच राग आला नाही. “मग काय, एवढें पाणी घालून वाढवलें तें उगेच वाळूं द्यायचें?” असं मलाच विचारलं. एका वर्षी कोरफड एवढी फोफावली की तिला पुरेसा आजार त्यांना सापडेना. शेवटी दोन दुपारी उघड्या पाठीने उन्हात बसून त्यांनी पाठ भाजून घेतली आणि मग समाधानाने तिच्यावर गर लावून घेतला.

ते ढोंगी होते असं मात्र कोणी समजू नये. कण्हायचे ते मनापासून कण्हायचे. आणि दुसऱ्याच्या आजाराचा त्यांना मत्सर वाटे. मला एकदा खरोखरीचा सडकून ताप आला, तर रायर दारात येऊन उभे राहिले, नाडी पाहिली, आणि कितीतरी वेळ माझ्याकडे रागाने बघत राहिले. “असा ताप मला कधीं नाहीं आला,” असं म्हणून निघून गेले. मग अर्ध्या तासाने पितळेचं भांडं भरून कषायम घेऊन आले. कषायम म्हणजे काढा. तो इतका कडू होता की ताप माझ्या आधी घाबरला.

पथ्याचं जेवण ते स्वतः करत. परसात, विहिरीच्या आडोशाला त्यांची वेगळी मातीची चूल होती. आजारी माणसाचं जेवण आजारी माणसानेच करावं, निरोग्याच्या हाताला त्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं मत होतं. एका हाताने कंबर धरून, कण्हत कण्हत ते सुंठीची कढी करत. तिला वरून तुपाची फोडणी, कढीपत्ता आणि मिरे. ओव्याच्या पानांची पच्चडी, म्हणजे दह्यातली कोशिंबीर. गुरगुट्या भात. तव्यावर भाजलेलं सुरण, त्यावर लिंबू. पुढे आमच्या खोल्यांपर्यंत वास यायचा. आमच्या पानात साधी आमटी, आणि मागच्या दारी त्या रोग्याची मेजवानी. हे ऑफिसातून आले की बागेकडच्या दाराशी उभे राहून दोनदा खोकत. सहाव्या-सातव्या खेपेला रायरांनी पाघळून वाटीभर कढी दिली, तेव्हापासून ह्यांचा खोकला कायमचा झाला.

सुभेदाराला वेगळं जेवण नसे. मालकाला पित्त तर त्यालाही पित्त. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, गल्लीतलाच कुत्रा तो. रायर त्याच्या पुढच्या पायाची नाडी पाहत आणि गंभीर चेहऱ्याने त्याला लंघन सांगत. सहवासाने म्हणा किंवा मर्जीसाठी म्हणा, रायरांचे गुडघे दुखू लागले की तोही लंगडत चालायचा. दोघं संध्याकाळी गल्लीतून लंगडत निघाले की समोरच्या घरातल्या तमिळ बाई, ज्यांना सगळे मामी म्हणत, त्या हसू लपवायला आत जात.

जेवायची त्याची रीत तर मी जन्मात विसरणार नाही. दुपारी रायर स्वयंपाकघरात पाटावर बसत, आणि मागच्या उंबऱ्याबाहेर एका फरशीवर सुभेदार बसे. त्याच्यापुढे केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भात, भातावर कढी. तो नुसता बघत बसे. पानाला तोंड लावत नसे. मग रायर हात जोडून म्हणत, “सुभेदार, सावकाश होऊं द्या. लाजूं नका.” की तो मान खाली घाले. पंगतीत यजमानाने म्हणायचे हे शब्द मी माहेरी लग्नकार्यात कितीदा तरी ऐकले होते. व्याह्यांना म्हणतात, जावयाला म्हणतात. कुत्र्याला म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं आणि इतकी हसले की कळशी विहिरीत पडली.

“हें तिनें शिकवलेलं,” रायर म्हणाले. तिने म्हणजे बायकोने. “लहान होता तेव्हांपासून. म्हटल्याशिवाय जेवायचें नाहीं. ती गेली, तेव्हां मी म्हणायला लागलों.” मग मी हसायची थांबले.

आता अंबूकडे येते. अंबू विशी-बाविशीची, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. उंच, सावळी, कपाळावर कायम एक आठी. घरात पाऊल टाकल्यावर पहिल्याच सकाळी मी जे ऐकलं ते असं. मधल्या खोलीत आरामखुर्चीवर रायर कॉफी पीत होते. पायाशी सुभेदार.

“सुभेदार, तिला सांग, कॉफींत साखर कमी आहे.”

आतून अंबूचा आवाज आला, तमिळमधून. तोही सुभेदारालाच उद्देशून. पुढे मला तमिळ कळायला लागल्यावर त्याचा अर्थ लागला. ती म्हणत होती, अप्पांना सांग, पित्त झालंय म्हणून साखर बंद करा असं काल कोणी सांगितलं होतं?

“सुभेदार, तिला सांग, तें काल.”

सुभेदार इकडून तिकडे मान वळवायचा. दिवसभर असंच चाले. बाप मराठीतून, लेक तमिळमधून, आणि मध्ये कुत्रा. रायर एरवी तमिळ उत्तम बोलत, मामींशी, दूधवाल्याशी तासन्‌तास. पण घरात आणि कुत्र्याशी फक्त मराठी. मला वाटलं बापलेकीचं भांडण असेल. पण भांडण म्हणावं तर तिच्या शाळेच्या वेळेला ते छत्री घेऊन दारात उभे असत, आणि त्यांच्या प्रत्येक नव्या आजाराची ती आठी घालून का होईना चौकशी करत असे.

एकदा आलं निवडताना मी सरळ विचारलं, की काका, मधे कुत्रा कशाला?

रायर आलं खालीवर करत राहिले. “मी तिला मराठींत विचारतों, ती मला तमिळांत सांगते. तें इथें लागतें,” त्यांनी छातीवर, म्हणजे अडुळशाच्या जागी हात ठेवला. “कुत्र्याशीं तमिळ बोलली तर मला वाईट नाहीं वाटत. माझ्याशीं नाहीं ना बोलली.” मग म्हणाले, “तिचें मराठी एकदां ऐकलें कीं पुरे. अगदीं तिच्या आईसारखें बोलायची.”

पुढची हकिगत समोरच्या मामींनी सांगितली. त्या ओट्यावर बसून हातवारे करून सांगत आणि मी माझ्या बाजारातल्या तमिळने समजून घेई. अंबू लहान असताना पुण्याहून त्यांचे कोणी दूरचे नातेवाईक आले होते. आपल्या भाषेची माणसं आली म्हणून पोर हरखून गेली. त्यांना बाग दाखवली, विहीर दाखवली, घडाघडा बोलत सुटली. आणि ती मंडळी हसायला लागली. वाईट मनाने नव्हे. पण पोट धरून हसली. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं म्हणत राहिली, बाहेरच्यांना हाक मारून ऐकायला बोलावलं. अंबू आत निघून गेली. तेव्हापासून चारचौघांत तिच्या तोंडून मराठीचा शब्द नाही. आईशी बोलायची, पण स्वयंपाकघरात, दार लोटून. आई गेली आणि तेही संपलं.

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. अंबू मला पाहून गप्प का होते, माझ्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलून का सटकते, ते मला तेव्हा उमगलं. मी मिरजेची, पुण्याची नव्हे, हे खरं. पण तंजावूरहून पाहिलं तर मिरज आणि पुणं एकाच ओट्यावर बसलेली दिसतात. आणि रायरांनी मला त्या परसात मोठ्याने मराठी बोलायला नेमलं होतं, तिच्या कानावर पडावं म्हणून! बिचाऱ्यांनी खोकल्यावर दही दिलं होतं. त्या दिवसापासून मी धुणं मुकाट्याने धुऊ लागले, तर रायर लगेच येऊन विचारू लागले, की तुमची तब्येत बरी नाहीं काय?

मग तो जानेवारी आला. तिरुवैयारुला गाण्याचा उत्सव असतो, तिथे कावेरीच्या वाळूत गार वाऱ्यात बसून रायर गाणं ऐकून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बागेला न विचारता काहीतरी झालं होतं. ते तडक परसात आले. मी चादर आपटत होते. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बागेतून दोन फेऱ्या मारल्या, घशाचं झाड शोधत, आणि माझ्यासमोर येऊन थबकले. धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या गळ्याकडे. मग माझ्या हातातल्या चादरीकडे. मग माझ्याकडे. मला समजायला वेळ लागला. मी गेली दोन वर्षं त्यांच्या घशावर धुणं आपटत होते! त्यानंतर त्यांनी मला त्या दगडाला हात लावू दिला नाही, सगळे कपडे धोब्याकडे गेले.

अंबूने डॉक्टर आणला. तरुण, चष्मेवाला डॉक्टर. त्याने घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, आत फार सूज आहे, बरं वाटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. हट्ट केलात तर आवाज कायमचा जाईल. रायरांचा चेहरा एवढासा झाला. इतके आजार अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस, पण खरा आजार आल्यावर लहान मुलासारखा भ्याला.

आणि त्या दुपारी सुभेदार जेवला नाही.

पान मांडलं होतं. भात, कढी, सगळं रोजच्यासारखं. रायरांनी हात जोडले, ओठ हलवले. सुभेदार त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी पानाकडे बोट दाखवलं, तो बोटाकडे बघत राहिला. मला वाटलं, त्यात काय एवढं? मी पुढे झाले, पदर खोचला आणि चांगलं खणखणीत म्हटलं, “सुभेदार, सावकाश होऊ द्या!” त्याने सभ्यपणे शेपूट हलवली आणि पुन्हा रायरांकडे वळला. माझं मराठी त्याच्या हिशेबी मराठीच नव्हतं. हे आले, त्यांनी ऑफिसच्या आवाजात हुकूम सोडून पाहिला. मामी आल्या, त्यांना मी ते शब्द पढवले, त्यांनी देवळात म्हणावं तसे गाऊन म्हटले. दूधवाल्याने तर कुत्र्यापुढे रीतसर हात जोडले. सुभेदार प्रत्येकाचं ऐकून घेई आणि वाट बघत बसे. पानावरचा भात वाळला, शेवटी कावळ्यांनी नेला.

अंबू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तमिळमधून हळूच सांगितलं, खा. सुभेदाराचा पडका कान उभा राहिला. तो तिच्याकडे बघायला लागला तो बघतच राहिला. त्याला काय हवं होतं ते तिला ठाऊक होतं, रायरांना ठाऊक होतं, आता मलाही कळलं होतं. पण तिला सांगायचं कोणी? मी तोंड उघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. अंबू आठी घालून आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुभेदार पानाशी आलाच नाही. विहिरीच्या सावलीत आडवा पडून राहिला, नाक कोरडं पडलेलं. रायर पान हातात घेऊन त्याच्याजवळ गेले आणि मातीत बसले. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठा श्वास आत घेतला. ते काय करणार हे मला कळलं आणि मी ओरडले, “काका, नको! आवाज जाईल!” त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. जाऊ दे, असं नुसते खांदे उडवले, आणि तोंड उघडलं.

“सुभेदार, सावकाश होऊं द्या.”

आवाज मागून आला. वाक्य शेवटाकडे उचललेलं, हेलकावा देऊन खाली ठेवलेलं.

“लाजूं नका,” अंबू म्हणाली. “आणखी आहे कीं भात.”

सुभेदार उठला. पाय थरथरत होते, पण उठला, आणि रायरांच्या हातातल्या पानात त्याने तोंड घातलं. रायरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. अंबू तरातरा पुढे आली. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती भांडत होती.

“अप्पा, तोंड मिटा! डॉक्टरानीं काय सांगटलं? एक शब्द नाहीं म्हणून सांगटलं कीं नाहीं? कुत्रा उपाशीं, तुम्ही मुके, अस्कें मींच पाहायचें काय ह्या घरांत?”

काय ते मराठी! माझ्या पोटातून आनंदाचं हसू असं उसळून वर आलं की मी दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला. त्या क्षणी मी हसले असते तर ती पुन्हा जन्मात बोलली नसती. मी पळत आमच्या खोलीत गेले, उशीत तोंड खुपसलं आणि हसले, आणि मग रडले. हे घाबरून विचारत होते काय झालं, काय झालं. मी सांगितलं, “काही नाही, सुभेदार जेवले.”

त्यानंतर घराचा सूर पालटला. सुभेदाराला दोन्ही वेळा जेवायला घालायला अंबूलाच म्हणावं लागे. त्याला बस, ऊठ, बाहेर जा, हे सगळं मराठीतच कळायचं. आणि मुक्या बापाशी एकटीनेच बोलायचं तर ते तमिळमधून बोलायचं ती विसरून जायला लागली. एका सकाळी माझ्या दारात येऊन ती म्हणाली, “वैनी, तुमचें दूध उतूं जातेंय.” मी दुधाकडे धावले नाही, तिच्याकडे बघत बसले. दूध सगळं चुलीत गेलं.

डॉक्टर पुन्हा येऊन गेला. बॅटरी मारली, म्हणाला, घसा स्वच्छ आहे, आता थोडं थोडं बोला. रायरांनी तोंड उघडलं, मान हलवली, हात झटकले. आवाज नाही. डॉक्टरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आठवड्याने परत आला, तेव्हाही नाही. त्याला वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. रायर मात्र या एवढ्या मोठ्या आजारात एकदाही कण्हले नव्हते.

मग एकदा सकाळी मी विहिरीवर गेले, तर अडुळशाच्या मागून बोलणं ऐकू आलं. “यंदा नको हां. यंदा खोकला जमणार नाहीं, मी कामांत आहें.” रायर अडुळशाची समजूत काढत होते. स्पष्ट, खणखणीत आवाजात! मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, स्वयंपाकघराकडे कान दिला आणि कुजबुजले, “सांगूं नका. मला आवाज आला म्हणून कळलें कीं ती पुन्हां उगी ऱ्हाईल.”

बाकीचे सगळे आजार त्यांच्या मते खरे होते. हा एकच त्यांनी खोटा केला. आणि बोलण्यावाचून ज्याला घास गिळत नसे त्या माणसाने तो महिनाभर तरी चालवला. मामी समोरून हाक मारत, ते नुसतं हसत. भाजीवाली वजनात मारायची, ते हातवारे करत राहत. मला त्यांची इतकी कीव यायची की मी परसात जाऊन मुद्दाम दोघांच्या वाटणीचं बोलत असे.

सगळ्यांत कठीण होती ती कॉफी. अंबू भांडं आणून ठेवी, ते घोट घेत आणि त्यांचा चेहरा वाकडा होई. ते सुभेदाराकडे बघत, तोंड उघडत, आणि मिटून घेत. रोज चेहरा आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त वाकडा. मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही, साखर घालायला विसरते. गणिताची मास्तरीण विसरेल कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. रायरांनी कॉफीचा घोट घेतला आणि तो त्यांना गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आतून अंबूचा आवाज आला.

“सुभेदार, अप्पांना सांग, अडुळशाशीं बोलतात तें मला इथें ऐकूं येतें.”

रायर खुर्चीत ताठ झाले.

“आणि सांग, आवाज आला तरी कांहीं होत नाहीं. मी बोलतें आहें ना? बोलतच ऱ्हाईन.”

मी वाटी हातात धरून भिंतीला टेकले. सुभेदाराने आतल्या दाराकडे पाहिलं, मग रायरांकडे. रायरांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. खाकरले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“सुभेदार, तिला सांग,” ते म्हणाले, आणि मधेच थांबले. सुभेदाराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तू राहू दे, असा. मग सरळ आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, “अंबू, कॉफींत साखर नाहीं गं.”

अंबू साखरेचा डबाच घेऊन बाहेर आली.